टर्नरचा तास

दर मे महिन्यात एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की आठवडाभर आमच्या शाळेच्या कचेरीत गर्दी असते. पोरं दाखला न्यायला येतात, बरोबर आई नाहीतर वडील असतात, आणि रजिस्टरवर सही होईपर्यंत कुणीतरी विचारतंच, "टीचर, आता पुढं काय घेऊ?"

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या पलीकडच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या हायस्कूलात मी गणित शिकवते. १४ वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर गुणपत्रिका बघून देत आले. साठ टक्क्यांच्या वर असला तर पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, त्याखाली कॉमर्स, त्याखाली आर्ट्स, आणि जेमतेम पास झालेल्याला "आयटीआय बघ". त्या पोराला काय जमतं, कशात त्याचं मन रमतं, हे विचारायला त्या गर्दीत सवड नसायची. आणि विचारलं असतं तरी पुढं काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी बीएस्सी, बीएड करून थेट शाळेत आले. उद्यमबागेच्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीच्या, रस्त्यानं रोज बसनं जायचे, पण एकाही कारखान्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

एका पोरामुळं हे बोचायला लागलं. त्याला ६२५ पैकी ४०२ होते. शाळेच्या बोअरचा स्टार्टर बिघडला की शिपाईमामा त्याला वर्गातून उठवून न्यायचे. एकदा पावसात सगळ्या शाळेचे दिवे गेले, तर लाइनमन येण्याआधी त्यानं फ्यूज कुठं गेलाय ते शोधून ठेवलं होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. तरी निकालाच्या दिवशी मी त्याच्या वडिलांना सांगितलं, "चौसष्ट टक्के आहेत, सायन्सला घाला." मराठीतून शिकलेलं पोरगं एकदम इंग्रजीतल्या फिजिक्ससमोर बसलं. दोन वेळा नापास झालं आणि मग घरी भाताच्या शिवारात राबू लागलं. शेती वाईट असं मी म्हणत नाही. त्याच शिवारातल्या बासमतीवर माझंही माहेर चाललं. पण त्याला शेती करायची नव्हती, आणि ते मला माहीत होतं.

त्यानंतर वर्षभरानं तिसऱ्या रेल्वे गेटजवळ आणखी एक जुना विद्यार्थी भेटला. यानं आयटीआयचा फिटर केला होता आणि वर्षभर एका वर्कशॉपमध्ये "अप्रेंटिस म्हणून" काम केलं होतं. वर्ष संपलं म्हणून सर्टिफिकेट मागायला गेला, तर मालक म्हणाला, कसलं सर्टिफिकेट? पोराकडं कागदच नव्हता. दर महिन्याला हातावर रोख पैसे मिळायचे, तेही कधी पूर्ण, कधी अर्धे.

त्याच्याबरोबर मी त्याच्या आयटीआयमध्ये गेले. तिथल्या प्लेसमेंट बघणाऱ्या सरांनी पाऊण तास समोर बसवून समजावलं, आणि त्या पाऊण तासात मला जेवढं कळलं तेवढं १४ वर्षांत कळलं नव्हतं. कारखान्यात शिकायला राहणं आणि कारखान्यात कामाला राहणं या कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६१चा अप्रेंटिस कायदा आहे. त्याखाली मालक आणि शिकणारा यांच्यात करार होतो, पोरगं अठरा वर्षांखालचं असेल तर पालक सही करतो, आणि तो करार सरकारच्या पोर्टलवर नोंदवावा लागतो. ती नोंद झाली तरच शेवटी अखिल भारतीय परीक्षेला बसता येतं आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. नोंद नसेल तर तो नुसता स्वस्तातला हेल्पर. सर म्हणाले, "टीचर, पोरांना एवढंच शिकवा. पहिल्या आठवड्यात कराराचा नंबर विचारायचा." त्या पोराचं वर्ष गेलं ते गेलंच. त्याला पुन्हा दुसरीकडं, पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

घरी येऊन मी हेडसरांना फोन केला आणि म्हटलं, आपल्या दहावीच्या वर्गाला यातलं काहीतरी कळलं पाहिजे, आणि तेही मे महिन्यात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. सरांनी अडवलं नाही. पण "असं शाळा करतात का कुठं?" असं विचारलं, म्हणून मी शोधाशोध केली. इंग्लंडमध्ये तर २०१८च्या जानेवारीपासून कायद्यानंच शाळांवर बंधन आहे: तंत्रशिक्षण आणि अप्रेंटिसशिप देणाऱ्या संस्थांना शाळेत येऊन तिथल्या 'इयर एट'पासून पुढच्या मुलांशी बोलू द्यायचं. २०२३पासून अशा किमान ६ भेटी व्हायलाच हव्यात असंही ठरलं. आपल्याकडं २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार अशांकडं शिकायला जावं असं लिहिलंय. कर्नाटकानं पुढं स्वतःचं धोरण आखायचं ठरवलं, पण ही कल्पना कुणी वाईट म्हटलेली नाही. हेडसरांनी दोन्ही कागद वाचले आणि म्हणाले, "शनिवारचा शेवटचा तास घ्या."

पहिला शनिवार वाया गेला. मी एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना बोलावलं होतं. भले गृहस्थ, स्वतःचा प्रोजेक्टर घेऊन आले. कंपनीची स्थापना, कंपनीची उत्पादनं, किती देशांत माल जातो, ध्येय, चिकाटी, वक्तशीरपणा. मुलं पहिली दहा मिनिटं ताठ बसली, नंतर मागच्या बाकावर पेंगायला लागली. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर कुणीच हात वर केला नाही. चहा पिताना तेच म्हणाले, "माझ्यापेक्षा आमचं एखादं पोरगं आलं असतं तर बरं झालं असतं." हे त्यांनी मनापासून सांगितलं, आणि पुढची सगळी वाट त्या वाक्यातून निघाली.

पुढच्या महिन्यात आमच्याच शाळेचा, चार वर्षांपूर्वी दहावी झालेला पोरगा आला. टर्नरचा, म्हणजे लेथ मशिनीवर धातू कापून आकार द्यायचा, आयटीआय करून उद्यमबागेत अप्रेंटिस होता. पहिली पाळी संपवून निळ्या कपड्यांतच आला, नखांच्या कडा ग्रीसनं काळ्या. पिशवीतून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लोखंडी तुकडा काढून पहिल्या बाकावर ठेवला. एका बाजूला जाड, दुसरीकडं निमुळता होत गेलेला, आरशासारखा लखलखीत. "हा जॉब मी केलाय," म्हणाला. मुलं तो हातोहात फिरवू लागली. बोलायला मात्र त्याला सुचेना. मान खाली घालून उभा. मग मीच विचारलं, "हा उतार कसा काढलास ते फळ्यावर दाखव."

खडू हातात आल्यावर त्याचा आवाज सुटला. "मोठा व्यास ४०, लहान ३०, लांबी ५० मिलिमीटर. लेथची कंपाउंड स्लाइड किती अंशात फिरवायची ते काढायचंय. ४० वजा ३०, दहा. खाली लांबीची दुप्पट, शंभर. दहा भागिले शंभर, पॉइंट एक. ह्याचा टॅन कुठल्या कोनाला येतोय बघायचं. ५ अंश ४३ मिनिटं."

वर्गात शांतता. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "५ अंश ४३? आमच्या पुस्तकात ३०, ४५ आणि ६०च आहे."

मी त्रिकोणमिती १४ वर्षं शिकवत होते. ०, ३०, ४५, ६०, ९०चा तक्ता पोरांकडून घोकून घेत होते, आणि त्यांच्या मनात जगात एवढेच कोन असतात असं बसलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. टर्नर म्हणाला, "मलापण तसंच वाटायचं. लेथवर तीसचा कोन अजून एकदाबी आला न्हाई." मग मागून एकानं विचारलं, मशिनीवर ४३ मिनिटं कुठं मोजायची? तर तो सांगू लागला: मशिनीच्या डायलवर नुसते अंश असतात, मधलं अंदाजानं लावायचं, एक कट घ्यायचा, जॉबला प्रशियन ब्ल्यूचा पातळ थर लावायचा, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून फिरवायचं आणि निळा रंग कुठं पुसला जातोय ते बघायचं. सगळीकडं सारखा पुसला तर कोन बरोबर. एकाच टोकाला पुसला तर पुन्हा. "पहिल्या महिन्यात माझे ७ जॉब भंगारात गेले," असं त्यानं सांगितलं आणि मुलांनी कान टवकारले. पंधरा हात वर आले. पगार किती, जेवण कुठं, सुपरवायझर ओरडतात का, हात कापला तर काय, कन्नड आलं नाही तर चालतं का.

कन्नडचा प्रश्न आमच्याकडं नेहमी असतो. मराठी माध्यमाच्या पोराला आयटीआयमध्ये मास्तर कन्नडमध्ये शिकवतात, पुस्तक इंग्रजी, आणि घरी मराठी. पीयूसीला घाबरणारं पोरगं याच भीतीनं आयटीआयलाही घाबरतं. टर्नर म्हणाला, पहिले तीन महिने जड गेले, पण फोरमन अण्णा कन्नड, मराठी, हिंदी सगळं एकाच वाक्यात बोलतात, आणि अळते म्हणजे माप एवढं कळलं की निम्मं काम होतं. "आणि ड्रॉइंग वाचायला शिका. ड्रॉइंग कन्नडबी न्हाई, मराठीबी न्हाई." तेव्हापासून मी भूमितीच्या तासाला समोरून, वरून आणि बाजूनं दिसणारी चित्रं काढून घेते. अभ्यासक्रमात तेवढं नाही, पण माझे दोन तास जातात ते मी घालवते.

टर्नरच्या त्या तासानंतर मुलं कारखाना बघायचा म्हणून मागं लागली. यात सगळ्यात जास्त वेळ गेला. क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र, पालकांची संमती, विम्याची चौकशी. मी १२ ठिकाणी गेले. काहींनी फाटकावरूनच परत पाठवलं, काहींनी "पुढच्या महिन्यात या" म्हटलं आणि तो महिना आलाच नाही. लहान वर्कशॉपवाल्यांची अडचण मला पटली. चार लेथ, सहा माणसं, तिथं ४० पोरं उभी कुठं राहणार? शेवटी एका फौंड्रीनं, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यानं, होकार दिला. अटी स्पष्ट होत्या: वीस-वीसच्या दोन तुकड्या, पिवळ्या पट्ट्याच्या आत पाय नाही, आणि पायात बंद बूट.

बुटांची अट मी सूचनेत लिहिली होती. पण आमच्याकडची मुलं चपला घालून शाळेत येतात, आणि सगळ्यांच्या घरी बूट असतीलच असं नाही, याचा विचार मी केला नव्हता. फाटकावर वॉचमनमामांनी ११ जणांना थांबवलं, त्यातल्या ८ मुली. त्यांचं चुकलं नाही. आत तापलेली वाळू असते. पण ती मुलं दोन तास बाहेर गुलमोहराखाली बसून राहिली, आणि आतून परत आल्यावर मला त्यांच्याकडं बघवेना. दुसऱ्याच दिवशी मी गावात सांगून जुने कॅनव्हासचे बूट गोळा करायला सुरुवात केली. ते पोतं आजही कचेरीच्या कपाटामागं आहे. पुढच्या महिन्यात त्या ११ जणांना घेऊन मी पुन्हा गेले.

आत आम्हाला फिरवायला त्यांनी मुद्दाम दोन अप्रेंटिस दिले होते. पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यासाठी नमुने बनतात तिथं, एकानं मुलांच्या हातात स्टीलची पट्टी दिली आणि आपल्या कंपासपेटीतल्या पट्टीशी ताडून बघायला सांगितलं. एका पोरानं दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि ओरडलं, "टीचर, ही पट्टी चुकलीय!" खरंच, सेंटिमीटरच्या खुणा जुळत नव्हत्या. अप्रेंटिस म्हणाला, "चुकली न्हाई. बीड, म्हंजे ओतीव लोखंड, थंड होताना आखडतंय, मीटरला एक सेंटिमीटर. म्हणून साच्याचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब कशाला, पट्टीच मोठी केलीय." माझ्या हातातली ती पट्टी मी बराच वेळ खाली ठेवली नाही. शेकडेवारीचं गणित मी कायम नफा-तोटा आणि व्याजातून शिकवलं. ते कुणीतरी पोलादाच्या पट्टीवर कोरून ठेवलंय हे मला माहीतच नव्हतं.

ओतकाम आम्ही पिवळ्या पट्ट्याच्या बाहेरून पाहिलं. लॅडलमधून वितळलेलं बीड साच्यात पडताना १,३५० अंशांच्या वर असतं असं त्यांनी सांगितलं. आमच्या चेहऱ्यांवर ऊब लागत होती तेवढ्यावरूनच पोरं मागं सरकली. एका मुलानं विचारलं, "मी इथं कधी काम करू शकतो?" तर उत्तर आलं, १८ झाल्याशिवाय भट्टीजवळ नाही. अप्रेंटिस म्हणून कायद्यानं १४व्या वर्षापासून घेता येतं, पण धोक्याच्या उद्योगात १८ पूर्ण लागतात. परत येताना बसमध्ये दोघांनी मला येऊन सांगितलं, टीचर, फौंड्री नको, लई गरम आहे, मशीन शॉप बरं. मला हे ऐकून बरं वाटलं. नको हेही कळायला आत जाऊन यावं लागतं, आणि ते दहावीच्या आधी कळलेलं चांगलं.

पालकांना शाळेत बोलावलं की दहा येतात. म्हणून बैठक गावातल्या मारुतीच्या देवळात, भाताची लावणी उरकल्यावर संध्याकाळी घेतली. साठ-सत्तर माणसं आली. आयटीआयच्या त्या सरांनाच मी बोलावलं होतं, आणि टर्नर आपल्या आईला घेऊन आला होता. पहिला प्रश्न एका वडिलांनी विचारला: "पोरगं आयटीआयला घातलं म्हंजे शिकणं संपलं का हो?" सरांनी सांगितलं, दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बेळगावात टूल रूमचं, म्हणजे यंत्रांची हत्यारं आणि साचे बनवायला शिकवणारं, सरकारी केंद्र आहे, तिथं टूल अँड डाय मेकिंगच्या डिप्लोमात तीन वर्षं शिक्षण आणि चौथं वर्ष कारखान्यात, अशी सोयच आहे. देवळात कुजबुज झाली. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठं सांगितलं होतं?

मग पैशांचं निघालं. २०१९च्या नियमांनी ठरलेलं त्या वेळचं दरमहा किमान विद्यावेतन सरांनी फळ्यावर लिहिलं: दहावी पास ६,०००, आयटीआय झालेल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,०००. यातला चौथा भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये, तेव्हा सरकार देत होतं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे ४० माणसांच्या कारखान्यात किमान १, जास्तीत जास्त ६.

मागं बसलेले एक काका उठून म्हणाले, "सात हजार? माझं थोरलं सेंट्रिंगच्या कामाला जातंय, महिन्याला ह्याच्या दुप्पट आणतंय." त्यांचं म्हणणं खरं होतं आणि मी ते खोडलं नाही. सेंट्रिंगला आज दुप्पट मिळतात, आणि घरात आज पैसे लागत असतील तर तेच करावं लागतं. टर्नरची आई मात्र बोलली, "आमच्या ह्येनंबी सहा महिने सेंट्रिंग केलं. पावसाळ्यात चार महिने घरी बसून होतं." त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं. आम्ही मध्ये पडलो नाही. अप्रेंटिस संपल्यावर तिथंच नोकरी पक्की का, यालाही सरांनी सरळ "नाही" असं सांगितलं. मालकावर तसं बंधन नाही. प्रमाणपत्र मिळतं आणि वर्षभराचा हात बसतो, एवढंच. रेल्वेत मात्र, रेल्वेच्याच वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस केलेल्यांना लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. हुबळीच्या वर्कशॉपला आमच्या भागातली पोरं म्हणूनच अर्ज करतात. निवड दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर होते. हे कळल्यावर एका आईनं शेजारी बसलेल्या पोराच्या पाठीत हलकेच बुक्की मारली.

सीमेचा प्रश्नही आलाच. "इकडं करायचं की तिकडं?" आमच्या घरांतून कायम असंच विचारलं जातं, निम्मं गणगोत चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापुरात. या बाबतीत उत्तर सोपं निघालं. कायदा केंद्राचा, प्रमाणपत्र राष्ट्रीय. बेळगावात आयटीआय केलेलं पोरगं महाराष्ट्रातल्या शिनोळीला किंवा कागलला अप्रेंटिस करू शकतं, आणि तिथला कागद इथं चालतो. आमच्या पोरांच्या वाट्याला असे कागद फार कमी येतात.

खरी लढाई पोर्टलवर झाली. कर्नाटकातल्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरं आधी आणि नाव नंतर, आधारवर पूर्ण नाव, बँकेत आडनाव पुढं. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना प्रत्येक कचेरीत वेगळं होतं. एका पोराच्या आडनावाची तीन कागदांवर तीन स्पेलिंग होती. करार मंजूर झाला तरी सरकारच्या वाट्याचे पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यातच येतात, आणि तिथं नाव जुळलं नाही की अडकतात. पहिल्या वर्षी एकाचे चार महिने अडकले. आता मी नववीतच प्रत्येकाचे तिन्ही कागद शेजारी ठेवून नावं तपासते आणि दुरुस्तीला पाठवते. गणिताच्या शिक्षिकेचं हे काम नव्हे असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. असेल. पण शाळेतून गेलेल्या पोराला हे काम एकट्यानं करताना मी पाहिलंय.

त्या पहिल्या तुकडीतून ९ जण आयटीआयला गेले, त्यांतल्या ४ जणांना साठ टक्क्यांच्या वर गुण होते. पूर्वी मी त्यांना सायन्सला पाठवलं असतं. तिघं कारखाना बघून पीयूसीलाच गेले, आणि ठरवून गेले. एक पोरगा अप्रेंटिस मध्येच सोडून गोव्याला हॉटेलात गेला. त्याच्या घरी वडील आजारी पडले होते आणि सात हजारांत भागत नव्हतं. मी दोनदा फोन केला. त्यानं दोन्ही वेळा नीट बोलून ठेवला. त्याचं काय करता आलं असतं याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

आणि "३०, ४५ आणि ६०च आहे" म्हणणारी ती मुलगी. फौंड्रीच्या फाटकाबाहेर बसलेल्या आठ जणींत तीही होती. तिनं इलेक्ट्रिशियन घेतला. आई म्हणाली, पोरीच्या जातीला खांबावर चढवणार का? आम्ही घरी तीनदा गेलो. २०२३पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, त्यामुळं येण्या-जाण्याचा खर्च उरला नव्हता. उरला होता रात्रीच्या पाळीचा प्रश्न. अप्रेंटिसच्या वेळी तिनं कारखान्याला लेखी विनंती केली आणि पहिली पाळी मिळवली. पहिल्या आठवड्यात तिनं मला एकच निरोप पाठवला. कराराचा नंबर, पूर्ण.

गेल्या जूनमध्ये तिचा तास होता. निळा गणवेश, कमरेला टेस्टर. तिनं मुलांना स्टार्टरचं खोकं उघडून दाखवलं: नो-व्होल्ट कॉइल कुठली, ओव्हरलोड रिले कुठला, बोअरची मोटर सारखी का बंद पडते. मागच्या बाकावरच्या दोन मुली उठून पुढं येऊन बसल्या. तास संपल्यावर ती माझ्याबरोबर कचेरीत आली आणि पिशवीतून सेफ्टी शूजची एक जोडी काढली. टाचा झिजलेल्या, पण चामडं धड होतं. कंपनीनं नवे दिलेत, म्हणाली.

"हे पोत्यात घाला, टीचर. पाच नंबर आहेत. मुलींना बसतील."